‘जेझुइट चायना’ जेझुइटांनी घडवून घेतलेली नव्हती

ख्रिस्तजन्माची किंवा क्रुसावरील मरणाची चित्रे असलेली अठराव्या शतकातील चिनी पोर्सिलेनची (चिनी मातीची) भांडी जेझुइट या रोमन कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी चर्चमधील उपासनेसाठी, चिंग्देचेन या चीनमधील पोर्सिलेनच्या गावातील कारागिरांवर स्वतः देखरेख ठेवून करवून घेतली आणि म्हणून त्यांना ‘जेझुइट चायना’ म्हणतात, असा मजकूर जुन्या वस्तूंच्या चाहत्यांमध्ये सर्रास फिरतो. त्यातील एकेक विधान तपासले, तर फारच थोडे शिल्लक राहते.

पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. काळ्या बारीक रेषांनी रंगवलेल्या या ताटल्या आणि चहाचे संच बहुतांशी १७४० च्या आसपासचे आहेत. त्यांवरील अनेक चित्रे यान लायकेन (१६४९–१७१२) या डच चित्रकाराने बायबलसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांवरून रेषेला रेष जुळवून उतरवलेली आहेत. अशी बायबले प्रॉटेस्टंट हॉलंडच्या घरांत असत आणि या भांड्यांचे मोठे गिऱ्हाईकही तेच होते. ‘जेझुइट’ हे नाव नंतरच्या संग्राहकांनी चिकटवले. त्या नावामुळे डच व्यापारी आणि अनोळखी विषयाचे चित्र हुबेहूब उतरवणारा चिनी चितारी, असे दोघेही इतिहासातून पुसले जातात, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे.

देखरेखीचे म्हणणे तर काळाशीच जुळत नाही. चीनच्या युंगचंग सम्राटाने १७२४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) दरबारात सेवेला असलेले मोजके लोक वगळता धर्मप्रसारकांना दक्षिणेकडील कॅंटन बंदरात आणि पुढे १७३२ मध्ये पोर्तुगिजांच्या मकावला धाडण्यात आले. शिवाय चिंग्देचेनहून आलेल्या पांढऱ्या भांड्यांवर झिलईवरचे रंगकाम अनेकदा कॅंटनमध्येच, व्यापाऱ्यांच्या मागणीनुसार होत असे.

‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरे असलेले भांडे म्हणजे जेझुइटांचेच, हा तर्कही टिकत नाही. ही अक्षरे पंधराव्या शतकात सिएनाच्या बर्नार्दिनो या फ्रान्सिस्कन, म्हणजे दुसऱ्याच कॅथलिक संघाच्या, उपदेशकाने लोकप्रिय केली. पोर्तुगिजांसाठी घडलेल्या सुरुवातीच्या निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांवर ती पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या खगोलचिन्हासोबत (कड्यांनी बनलेल्या खगोलाच्या प्रतिकृतीसोबत) दिसतात. मानुएल १५२१ मध्ये वारला, जेझुइट संघाला पोपची मान्यता मिळाली १५४० मध्ये, आणि त्या संघाचे फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले १५४२ मध्ये. बाण रुतलेले हृदय आणि दुतोंडी गरुड असलेल्या बरण्या तर ऑगस्टिनियन या आणखी एका कॅथलिक संघाशी जोडल्या जातात.

उपासनेबद्दल थोडक्यात सांगता येईल. रोमन कॅथलिक नियमानुसार मिस्सेतील (चर्चमधील मुख्य उपासनाविधीतील) द्राक्षारसाचा चषक सोन्याचा किंवा चांदीचा, निदान त्याची वाटी तरी चांदीची आणि आतून सोन्याचा मुलामा दिलेली असावी लागे. पोर्सिलेनला तेथे जागा नव्हती, आणि चहाच्या पेल्याचा तर प्रश्नच नाही.

या मजकुराचा शेवटचा आधार असतो फादर दाँत्रकोल. ते जेझुइट होते, चिंग्देचेनला राहिले होते आणि तेथील पोर्सिलेनवर त्यांनी १७१२ व १७२२ मध्ये लिहिलेली पत्रे आजही या विषयातील अमूल्य साधन आहेत. पहिल्या पत्रात ते एका लहान ताटलीचा उल्लेख करतात. तिच्यावर क्रुसावरचा ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना त्याची आई मरिया व शिष्य योहान आहेत, आणि हजार वर्षांतील उत्तमोत्तम पोर्सिलेनपेक्षा ती आपल्याला मोलाची वाटते, असे ते लिहितात. पण ही ताटली त्यांनी करवून घेतलेली नव्हती, ती एका दुकानातून त्यांच्या हाती आली. अशी भांडी पूर्वी जपानला जात, मात्र सोळा-सतरा वर्षांपासून ती बनत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. जपानमधील छळाच्या काळात इतर मालात मिसळून ती ख्रिस्ती लोकांपर्यंत पोहोचत असावीत, हा त्यांचा स्वतःचा अंदाज आहे. दुसऱ्या पत्रात ते सांगतात की पोर्सिलेनवर काळ्या शाईने चित्र काढण्याचा प्रयोग फसला आणि भांडे भट्टीतून कोरे पांढरेच निघाले. म्हणजे ज्या काळ्या रेषांच्या ताटल्यांसाठी या पत्रांचा दाखला दिला जातो, त्यांचे तंत्र ही पत्रे लिहिली गेली तेव्हा कारागिरांना साधलेलेच नव्हते.