म्हशीची तारीख चुकवू नका!

सगळ्यात आधी कोविडच्या लसीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून घ्या. सांगलीत झेरॉक्सच्या कुठल्याही दुकानात होतं. 2021 चे दोन्ही डोस त्यावर तारखेसकट छापलेले आहेत. एकदा प्लॅस्टिक बसलं की हवा लागत नाही, आतली प्रतिकारशक्ती जशीच्या तशी राहते. आमच्या आप्पांनी हेच केलंय. वय 68, साखर आहे, बीपी आहे आणि पाकिटात आधार कार्डामागं ते कार्डही आहे. अजून काय पाहिजे?

एखादा डॉक्टर सांगायला लागेल की अँटिबॉडी काही महिन्यांतच उतरतात. शरीराला विषाणूची ओळख राहते, म्हणून दुखणं जिवावर बेतायचं बरंच टळतं. पण नव्यानं फौज उभी करायला दिवस लागतात आणि साठीपुढच्या, साखरवाल्या माणसाला तेवढेच दिवस महागात पडतात. शिवाय विषाणू रूप बदलतो, 2021 च्या शेवटी आलेला ओमिक्रॉन दोन डोसवाल्यांनाही गाठत होता. हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचं. मान डोलवायची. मग म्हणायचं, "दोन झालेत की माझे!"

मात्र म्हशीच्या बाबतीत असली हयगय नको. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी म्हणजे सहा महिन्यांनीच. डॉक्टर येणार म्हटलं की आप्पा दिवस उजाडायच्या आत म्हैस दारात बांधून, शेपटी धरून उभे. "मागच्या खेपेला दिली होती की" असं म्हशीला बोलता येत नाही, हे तिचं नशीब.

द्राक्षबागेतही नियम वेगळा. ऑक्टोबर छाटणीनंतर किती फवारण्या झाल्या ते तासगावात कुणी मोजत नाही. रात्री पाऊस पडला की पहाटे ब्लोअर सुरू. का? तर पानावरचं औषध धुऊन गेलं आणि नवी पालवी तर कोरडीच आहे. डाऊनीची बुरशी काय तुमची वाट बघत बसतेय? हे आप्पा मला दर वर्षी समजावून सांगतात, अगदी तळमळीनं. कृषी सेवा केंद्रात 'बूस्टर' नावाची बाटली दिसली तर भाव न विचारता उचलतात. तोच शब्द दवाखान्यात ऐकला की त्यांना कंपन्यांचा डाव दिसायला लागतो.

2022 चा पावसाळा आठवा. आपल्याकडं कोविडच्या बूस्टरला 'प्रिकॉशन डोस' म्हणायचे. साठीपुढच्यांना सरकारी केंद्रात तो फुकट होताच, 15 जुलैपासून 75 दिवस अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांनाच फुकट केला. कोव्हिशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना ऑगस्टपासून कॉर्बेव्हॅक्सही चालत होती. त्यावर आप्पांचा सवाल, "एका कंपनीवर दुसऱ्या कंपनीची लस? अंगात भांडणं लागली तर?" आणि त्याच सप्टेंबरात लम्पी आला. गाईंना टोचली ती मुळात शेळ्यांच्या देवीची लस. तेव्हा चाचण्या किती झाल्या, भांडणं लागतील का, असलं काही न विचारता आप्पा तीन गाई घेऊन रांगेत पहिले.

पायात खिळा गेला की धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र पळत जाऊन घ्या. ते दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं, खिळा नसला तरी, पण ते जाऊ दे. नातवाचा दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टरही चुकवू नका, सूनबाई ओरडेल.

परवा आप्पांच्या कार्डाचा कोपरा सुटला. आत पाणी गेलं, दुसऱ्या डोसची तारीख पुसट झाली. आप्पा हबकले. तडक झेरॉक्सवाल्याकडं गेले, मी बरोबर होतो. तो पोरगा कार्ड उलटसुलट करून म्हणाला, "आप्पा, लॅमिनेशन काय जन्माला पुरतंय व्हय? दोन-तीन वर्षांनी परत मारायला लागतंय."

आप्पांना एकदम पटलं. लगेच वीस रुपये काढून दिले.