बहादूर, कांचा आणि आमचा रामा

काका, आंब्याच्या बागेतल्या नेपाळी गड्यांना आदरानं, त्यांच्या नावानं हाक मारावी, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वीस वर्षं तुमच्या बागेत नेपाळी गडी येतात, तुम्ही सगळ्यांना 'बहादूर' म्हणता, आजवर कोणाची तक्रार नाही. पगार वेळेवर दिला की झाला आदर, असं तुमचं म्हणणं. शिवाय गड्याला मी 'सहकारी' म्हटलं, ते तुम्हाला शहरी थेर वाटलं.

पगाराचं एकदम मान्य. लेखात ते राहूनच गेलं. मे अखेरीस हिशेब रखडवायचा आणि वर गोड बोलायचं, असले बागायतदार आपण दोघांनीही पाहिलेत.

पण तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक? आमच्याच बागेतलं सांगतो. एका गड्याला आम्ही दोन हंगाम 'कांचा' म्हणत होतो. तो निमूट ओ द्यायचा. एकदा कागद भरताना जन्मसाल विचारलं, तर म्हणाला 2035. माझा मुलगा फिस्सकन हसला. तिकडे विक्रम संवत चालतं. 57 वजा केले की 1978. म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठा! आणि 'कान्छा' म्हणजे भावंडांतलं शेंडेफळ, हेही त्याच दिवशी कळलं. हा तर घरातला थोरला, 'जेठा'. इतके दिवस बोलला का नाहीस, विचारलं. "सेठ, क्या बोलने का," एवढंच म्हणाला.

माझे आजोबा मुंबईत घरकामाला होते. नाव सोनू, पण बारा वर्षं शेठाणीनं हाक मारली 'रामा'. कोकणातून गेलेला घरगडी म्हणजे रामाच, मग खरं नाव काहीही असो. आजोबांनीही कधी तक्रार केली नाही. गावी आल्यावर मात्र त्या घराबद्दल चकार शब्द काढत नसत.

आणि 'सहकारी'चं म्हणाल, तर फवारणीला तो गडी आणि मी एकाच पिपावर असतो. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, फळ उतरवताना देठ किती ठेवायचा, हे तोच मला बजावतो. चीक सालीवर ओघळला की फळ डागाळलं. अशा माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच सुचवा.

आता मी त्याला 'दाइ' म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. आईला त्यात सुईण ऐकू येते, म्हणून ती आपली 'अहो जेठा' म्हणते. एप्रिलच्या मध्यावर त्यांचं नवं वर्ष लागतं, नेमकी ऐन काढणी. गेल्या वेळी शेवयांची खीर केली, पण सुट्टी काही दिली नाही. त्यावरून झोडपलंत, तर माझ्याकडे उत्तर नाही.