शंभरी ओलांडलेल्यांचं मागचं चाक

‘सायकल चालवा, वजन उतरेल,’ असं सगळेच सांगतात. ते उतरेपर्यंत सायकलीनं काय करायचं, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शंभरी वयाची असली की सत्कार होतो. माझ्यासारखी किलोंची असली की दुकानदार आधी जेलचं गुबगुबीत सीटकव्हर दाखवतो. त्याला वाटतं, दुखणं बुडाला आहे. ते असतं मागच्या चाकात.

कारण बसल्यावर निम्म्याहून जास्त भार मागे. शिवाय गिअरच्या चकत्यांना जागा हवी म्हणून मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) उजवी कड आत सरकवलेली. मग उजवीकडच्या तारा कडक ताणलेल्या आणि डावीकडच्या निवांत. थेट सोसायटीच्या कमिटीसारखं. घात होतो तो निवांतपणानं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खाली आलेली तार किंचित ढिली पडते, वर जाताना पुन्हा ताणली जाते. मुळातच सैल असेल तर हबच्या भोकात हलत राहते आणि वाकवून वाकवून तोडलेल्या तारेसारखी नेमकी कोपऱ्यावर तुटते. तीही ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यात नाही. दोन दिवसांनी, तलावपाळीच्या सपाट रस्त्यावर, लोक बघत असताना, ‘टण्’ करून.

म्हणून दुकानात रंग बघू नये, तारा मोजाव्यात. देखण्या रोडबाइकला 20 किंवा 24 असतात; त्या चाकाचा फोटो काढावा आणि पुढे सरकावं. आपल्याला मागे 36, पुढे 32. जुन्या काळ्या सायकलीला मागे 40 असायच्या, आणि त्यावर दुधाचे कॅन जायचे. आपण कॅनहून वेगळे नाही.

रिम डबल वॉलची, म्हणजे दुहेरी थराचीच घ्यावी. ओळखायची कशी? टायर आणि रिमची पट्टी काढून भोकात डोकवायचं. निपलचं (तार रिमला आवळणाऱ्या नटाचं) डोकं खालच्या मजल्यावर दिसलं तर डबल. पट्टीखाली लगेच बोटाला लागलं तर सिंगल, नमस्कार करून निघावं. तारा स्टेनलेस स्टीलच्या, साध्या 2 मिलिमीटरच्या चालतील. टोकांना 2 आणि मध्ये 1.8 अशा मिळाल्या तर उत्तमच. मध्ये बारीक असलेली तार जास्त टिकते, कारण धक्का कोपऱ्यावर न जाता मधल्या भागात जिरतो. (हे माणसांना लागू नाही.) निपल पितळी. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण पावसात आणि खाडीच्या हवेत जाम होतात, मग पाना फिरतो आणि निपलचे कोपरे झिजतात.

हब कॅसेटवाला हवा, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा खाचांवर सरकवून बसणारा. आट्यांवर फ्रीव्हील (फिरवून आवळलेला चकत्यांचा गठ्ठा) बसवलेल्या हबमध्ये उजवं बेअरिंग बरंच आत राहतं, तिथून बाहेर लोंबणारा ॲक्सल (हबमधला दांडा) आपल्या कृपेनं वाकतो. टायर मात्र स्वस्तात मिळणारं स्प्रिंग आहे: फ्रेममध्ये मावत असेल तर 700 बाय 35 किंवा 38 (दुसरा आकडा मिलिमीटरमधल्या रुंदीचा). ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली, तर खिळा शोधत बसू नये. हवा कमी होती.

खरी गोम मेकॅनिककडे आहे. आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना आळशी माणूस एक बाजू आवळायच्या ऐवजी समोरची सैल करतो. चाक सरळ दिसतं, ताण गेलेला असतो, आणि महिन्याभरात पुन्हा ‘टण्’. त्यामुळे चाक ताब्यात घेताना तारा छेडून बघाव्यात. एका बाजूच्या सगळ्यांचा सूर साधारण सारखा यावा. एखादी भसाडी वाजली की ती सैल. समांतर जोड्या मुठीत धरून जोरात दाबून घ्याव्यात, म्हणजे तारा जागेवर बसतात. पहिल्या 100-150 किलोमीटरनंतर पुन्हा आऊट बघून घ्यायचा. एक तार तुटली तर बदलावी. त्याच चाकाची तिसरी तुटली तर बाकीच्याही थकल्यात असं समजून सगळ्या नव्या टाकाव्यात. हब आणि रिम तीच चालते.

जवळ दोन-दोन जादा तारा ठेवाव्यात, पण बाजू लिहून. उजवीकडच्या साधारण दोनेक मिलिमीटरनं आखूड असतात. उजवीकडची तुटली तर आधी कॅसेट काढावी लागते आणि त्याचा पाना वेगळा. तो येऊरच्या टपरीवर मिळत नाही. वडापाव मिळतो.