माहिती अधिकाराच्या अर्जात कारण लागत नाही

‘अर्जात कारण लिहिलं नाही तर ग्रामपंचायत माहिती नाकारू शकते’ हा फिरणारा संदेश साफ चुकीचा आहे. अर्जदाराला कारण द्यावं लागत नाही, असं २००५ च्या कायद्याचं कलम ६(२) स्पष्ट सांगतं.

अर्ज अडतो वेगळ्याच गोष्टीवर. ‘रस्ता का उखडला?’ असं विचारलं की उत्तर टाळता येतं, कारण माहिती म्हणजे दप्तरी असलेला कागद किंवा नोंद. म्हणून त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीची) पानं आणि देयकं (बिलं) यांच्या प्रती मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांपर्यंत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. उत्तराची मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.