काळ्या वायरला बिनधास्त हात लावू नका

एक मेसेज पुन्हा फिरू लागलाय: ‘लाल वायरमध्ये करंट, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. जगभर नियम एकच. काळी-हिरवी हाताळायला भिऊ नका. अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्येच हिरवी काळीला जोडा.’

जगभर एकच? भारतात काळी न्यूट्रल, अमेरिकेत काळी फेज (म्हणजे करंट आणणारी) आणि पांढरी न्यूट्रल (तो परत नेणारी). युरोपात फेज तपकिरी, न्यूट्रल निळी. आपल्या थ्री-फेज (तीन फेजच्या) जोडणीत निळी हीच एक फेज. ब्रिटनने २००४ मध्ये लाल-काळी सोडून तपकिरी-निळी घेतली, त्यामुळे तिथल्या वाढवलेल्या जुन्या घरांत दोन्ही जोड्या सापडतात.

‘काळीला भिऊ नका’ हे मात्र जिवावर बेतणारं आहे. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परततो. न्यूट्रल धड असते तोवर तिच्यावर जमिनीच्या तुलनेत नाममात्र व्होल्टेज असतं, म्हणून टेस्टर पेटत नाही. पण ती मागे कुठे तुटली, की सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि पंखा मात्र ढिम्म. फेज पंख्याच्या वाइंडिंगमधून काळ्या वायरपर्यंत येऊन अडलेली असते. हात लावलात की पुढची वाट तुमच्यातून. वायरमन एका वाक्यात सांगतो, ‘न्यूट्रल गेलीय.’

शिवाय वायर ओढणाऱ्याच्या हातात त्या वेळी कुठलं बंडल उरलं होतं, हे भिंतीबाहेरून कळत नाही. बटणापासून दिव्यापर्यंतची वायर काळी असली तरी बटण दाबलं की ती फेजच. आणि बटणच न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर दिवा विझतो, होल्डरमध्ये फेज तशीच.

हिरवीचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं, पण गळतीचा करंट तिच्यातूनच जातो, आणि अर्थिंग तुटलेली असेल तर त्या गळतीचं व्होल्टेज हिरवीवर आणि उपकरणाच्या पत्र्यावर तसंच राहतं.

हिरवी काळीला जोडण्याचा सल्ला तर निव्वळ अघोरी. त्या जोडाच्या मागे न्यूट्रल सुटली, तर फ्रिजच्या किंवा गीझरच्या पत्र्यावर थेट फेज येते. त्यात ना एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडते ना काही आवाज होतो.

मेसेजमध्ये टेस्टरचा उल्लेखच नाही. आधी चालू सॉकेटवर टेस्टर पेटतोय ना ते बघा. मग मेन बंद करा, प्रत्येक वायर तपासा, रंग कुठलाही असो. शेवटी या मेनवर नसलेल्या दुसऱ्या चालू पॉइंटवर, जिन्यातल्या किंवा शेजारच्या, टेस्टर परत लावून बघा. मधेच त्यातला निऑनचा दिवा गेला असेल तर तेव्हाच कळेल.