शास्ती नावाचा रकाना

परभणी असो की जालना, महापालिकेचं घरपट्टीचं बिल आलं की लोक आधी एकूण रक्कम बघतात, मग चष्मा शोधतात. सर्वसाधारण कर समजतो. वृक्ष करावर मराठवाड्याच्या उन्हात उभं राहून बरंच बोलता येईल, पण ते असू द्या. गाडी अडते ती 'शास्ती'पाशी.

ओट्यावरच्या आजोबांना विचारा. "शांती असंल, छापताना चुकली." पोलीस भरतीचं पोरगं म्हणतं, "दंड. समानार्थी शब्दांत येतो." एका मार्कापुरतं बरोबर. पण शब्दाचं मूळ 'शास्' धातूत आहे. त्याच घरातले शास्त्र, शिष्य आणि शासन. चुकलेल्याला वळण लावायला दिलेली, त्यानं स्वतः कमावलेली शिक्षा म्हणजे शास्ती. बोलीत आपण नुसतं 'जिरली' म्हणतो, फक्त तसं बिलावर छापता येत नाही.

आता हिशोब. थकबाकीवर दरमहा २ टक्के. ६,००० रुपये थकले तर महिन्याला १२०, वर्षाला १,४४०. घोळ इथंच होतो. दोन टक्के वाचून माणूस वर्षाचेच दोन धरतो आणि निवांत राहतो. प्रत्यक्षात ते चोवीस होतात. एवढं व्याज गावातला सावकारही जरा लाजत सांगतो.

अनधिकृत बांधकामाची शास्ती वेगळी. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ नुसार ती मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत जाते, आणि भरली तरी वरचा मजला अधिकृत होत नाही. पावती दाखवून भांडायला जाऊ नका.

मार्चअखेरीला अभय योजना आली की शास्तीत सूट मिळते. वेळेवर भरणाऱ्याला हा शब्द भेटतच नाही आणि थकवणाऱ्याला तो माफ होतो. मग शास्ती नेमकी लागते कुणाला? जो थकवतो, पण योजनेपर्यंत दम धरत नाही, त्या मधल्या भित्र्याला.

माझा लाडका अर्थ मात्र माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २० मध्ये आहे. तिथं शास्ती साहेबाला लागते. वाजवी कारण नसताना माहिती अडवली तर रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००. भागाकार करून बघा. शंभर दिवसांनंतरचा उशीर साहेबाला फुकट.