सासू-सून नव्हे, पार्ट टू ऑर्डर

‘मुलगा सीमेवर गेला, पैसे सून घेऊन गेली, म्हातारी भिंतीवरच्या फोटोला हार घालत बसली.’ गोव्यातून हे वाक्य इथे इंग्लंडात माझ्या फोनवर इतक्या वेळा आलंय की आता पाठवणाऱ्याचं नावसुद्धा बघत नाही. निमित्त जुनंच आहे. जुलै २०२४ मध्ये एका दिवंगत कॅप्टनचं कीर्ती चक्र त्याच्या बायकोने आणि आईने मिळून स्वीकारलं. थोड्याच दिवसांत आईवडिलांनी ‘नेक्स्ट ऑफ किन’चे, म्हणजे जवानाचा सर्वांत जवळचा नातेवाईक कोण हे ठरवणारे, नियम बदलण्याची मागणी केली आणि देशभर सासू-सून सुरू झालं. तेव्हापासून कुठूनही तिरंग्यात गुंडाळलेलं पार्थिव आलं की चिता विझायच्या आत आमचे लोक सुनेचा निकाल लावून मोकळे होतात.

सरकार एक बोचकं आणून देतं आणि घरातली एक बाई ते उचलते, अशी यांची समजूत. तसं बोचकं नसतं. सातव्या वेतन आयोगाच्या दरांप्रमाणे केंद्राचं सानुग्रह अनुदान युद्धात शत्रूच्या कारवाईत गेल्यास ४५ लाख, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांशी लढताना ३५, कर्तव्यावरच्या अपघातात २५. आर्मी ग्रुप इन्शुरन्स वेगळा, आणि त्याचे वाटे जवान स्वतःच्या हाताने लिहून देतो: बायकोला इतके टक्के, आईला इतके. त्या कॅप्टनच्या विम्यातली निम्मी रक्कम आईवडिलांना मिळाली, असं तेव्हाच छापून आलं होतं. ते फॉरवर्ड करायला कोणाला सवड नव्हती.

फॅमिली पेन्शन मात्र अशी वाटून देता येत नाही, ती नियमाने जाते. जवान विवाहित असेल तर बायकोला. शत्रूशी लढताना गेला असेल तर लिबरलाइज्ड, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी पूर्ण. अविवाहित असेल तर आईवडिलांना: दोघंही असतील तर त्या पगाराच्या ७५ टक्के, एकटंच कोणी उरलं असेल तर ६०. ही पेन्शन बायको आणि आईवडिलांत विभागावी, असा लष्कराचा प्रस्ताव विचारात असल्याचं २०२४ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत सांगण्यात आलं. विभागावी की नाही, यावर जरूर भांडा. पण नियम वाचून भांडा.

‘शहीद’ म्हणायचं की ‘हुतात्मा’, यावर आमच्याकडे रात्र रात्र वाद होतात. लष्कराच्या कागदात यातला एकही शब्द नाही. तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढताना गेलेला) असते आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (अपघातात, आजारात गेलेला) असते. पहिल्या शिक्क्याखाली विधवेला पगाराच्या शंभर टक्के पेन्शन, दुसऱ्याखाली, मृत्यू सेवेमुळे झाला असं ठरलं तर, साठ. ते ठरतं युनिटच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत चौकशीत, आणि जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात. चौकातल्या पुतळ्याला फेटा असावा की टोपी यावर पंचायतीत तास घालवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या घरी जाऊन विचारलं, की शिक्का कुठला लागलाय?

आणि पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं की जवानाने विवाहाचा दाखला युनिटच्या कारकुनाकडे द्यायचा. युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते (मराठा लाइट इन्फंट्रीचं ऑफिस बेळगावला, आमच्या घाटापलीकडेच), आणि मग बायकोचं नाव त्याच्या सेवापत्रात चढतं. मूल झालं की पुन्हा नवी ऑर्डर. विम्याचं नामनिर्देशन यातून आपोआप बदलत नाही, त्याचा फॉर्म वेगळा. पोरगं भरती झालं तेव्हा विसाव्या वर्षी आईचं नाव लिहितं, मग लग्न होतं, आणि तो कागद तसाच राहतो. पाच वर्षांनी या घरात सून रडते, त्या घरात ऑर्डर निघालीय पण विम्यात आईला वाटा ठेवायचा राहिलाय म्हणून आई रडते. दोघींचा शत्रू एकच, न भरलेला फॉर्म.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे आणि तो आमच्याच लोकांना ठाऊक नसावा याचं नवल वाटतं. गोव्यात लग्न कायद्याने सप्तपदीवर होत नाही, सह्यांवर होतं. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग नोटीस, आक्षेपांची मुदत, मग दुसरी सही. दुसरी सही झाली की लग्न. आता सुट्टीवर आलेल्या मुलाचं बघा. सोयरीक, देवकार्य, पहिली सही, मांडव, गावजेवण, आणि सुट्टी संपली. दुसरी सही ‘पुढच्या रजेत करू’. तेवढ्यात काही झालं तर अख्ख्या गावाने जिच्यावर अक्षता टाकल्या ती कायद्याच्या लेखी कोणीच नाही, आणि जवान ‘अविवाहित’.

सह्या वेळेवर झाल्या तरी नावाचा घोळ राहतो. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, सगळ्या बाया माना वाकवून बघतात, फोटो निघतो. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर तांदळातलं, पार्ट टू ऑर्डरवर कारकुनाला ऐकू आलं ते. प्रयागराजच्या पेन्शन कचेरीला तांदूळ दिसत नाहीत. त्यांना तिन्ही कागदांवर एकच नाव हवं असतं, नाहीतर प्रतिज्ञापत्र, मामलेदार, फेऱ्या.

म्हातारीची कणव असणाऱ्यांसाठी अजून एक. गोव्याच्या कायद्यात नवराबायकोची मालमत्ता सामायिक, त्यातली निम्मी बायकोची स्वतःची. नवऱ्याच्या निम्म्याला मूल नसेल तर वारस आईवडील. बायको वारसांच्या रांगेत दिराच्याही मागे. म्हणजे घरात, भाटात (बागायतीत), बँकेतल्या ठेवीत म्हातारीचा वाटा ठरलेलाच आहे. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी, करा, मिळेल. पेन्शन ही मालमत्ता नव्हे, ती इन्व्हेंटरीत येत नाही. सुनेने लुटलं म्हणणाऱ्यांनी हे दोन हिशेब आधी वेगळे करावेत.

ओरडायचंच असेल तर अग्निवीरासाठी ओरडा. विमा ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी. पेन्शन बायकोलाही नाही, आईलाही नाही. तिथे सासू-सुनेचं भांडण सरकारने मुळातच मिटवलंय.

मी राहतो त्या स्विंडनहून वूटन बॅसेट हे छोटं गाव एम-फोर हायवेच्या सोळा नंबरच्या फाट्यावरून दहा मिनिटांवर. २००७ ते २०११ या काळात इराक-अफगाणिस्तानातून आलेल्या ३४५ शवपेट्या लायनमच्या वायुदल तळावरून त्या हाय स्ट्रीटने गेल्या. कोणाचा हुकूम नव्हता. सेंट बार्थोलोम्यू चर्चची घंटा वाजायची, दुकानदार बाहेर यायचे, लीजनचे (माजी सैनिकांच्या संघटनेचे) म्हातारे झेंडे खाली करायचे, गाड्या पुढे गेल्या की लोक पुन्हा दुकानात. घोषणा नाही, आमदार नाही, शववाहिकेच्या टपावर चढलेला कोणी नाही.

गाड्या तिथून ऑक्सफर्डला जायच्या आणि पुढे व्हायची कॉरोनरची, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याची, चौकशी, उघड्या न्यायालयात, घरचे समोर बसलेले. सप्टेंबर २००६ मध्ये कंदाहारजवळ ब्रिटिश वायुदलाचं निमरॉड विमान पेटून १४ जण गेले. ते विमान उडण्याच्या लायकीचं नव्हतं, हे कॉरोनरने वायुदलाच्या तोंडावर सांगितलं. आपली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बंद दाराआड होते. मुलगा कसा गेला, हे आईला कळतं ते त्याच्या दोस्ताच्या फोनवरून.

इथलं सगळंच गोड आहे असं मात्र नाही. इथल्या आईला पेन्शनच नाही. ती नवरा, बायको, जोडीदार आणि मुलांपुरती. गेलेल्या सैनिकाच्या घरच्यांसाठी असलेला एलिझाबेथ क्रॉस एकच मिळतो आणि तो नेक्स्ट ऑफ किनला. विधवेने पुन्हा लग्न केलं किंवा कोणाबरोबर राहू लागली की पेन्शन बंद, हा नियम अनेकींना लागू होता. एप्रिल २०१५ पासून तो गेला, पण आधी पेन्शन गमावून बसलेल्यांना थेट २०२३ मध्ये एकरकमी ८७,५०० पौंड देऊन मिटवलं. आपल्याकडे शौर्यपदकाचा भत्ता चालू राहण्यासाठी विधवेने दिराशीच लग्न करावं, ही अट २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत होती. ‘सून पळाली’ म्हणणाऱ्यांनी ही अट एकदा मोठ्याने वाचावी.

तुम्ही म्हणाल, तिकडे बसून शिकवायला तुझं काय जातं? खरं आहे. आमच्या खिशातला पासपोर्ट पोर्तुगालचा आहे, आणि तो मिळतो आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले म्हणून. त्या तारखेसाठी, गोवामुक्तीच्या ऑपरेशन विजयमध्ये, भारताचे २२ जण गेले, त्यातले सात नौसैनिक एकट्या अंजदीव बेटावर. ती तारीख आम्हाला तोंडपाठ आहे, पण अर्जाच्या रकान्यासाठी. गोव्यातून फौजेत जाणारी पोरं आधीच थोडी, भरतीचं कार्यालयसुद्धा कोल्हापूरला. बाहेर पडणाऱ्यांची रांग मात्र मोठी.

आणि कागद आम्हाला जमत नाहीत असं कोणी म्हणू नये. आजोबा जुन्या वहीत ‘पोरोबो’ आणि बाप ‘प्रभू’, एवढ्यावरून लिस्बनहून फाईल परत येते, तर ते दुरुस्त करायला अख्खं घर वर्षभर कचेऱ्या पालथ्या घालतं. आईबापाच्या लग्नाची नोंद चाळीस वर्षांनी लिस्बनला पोचवतात, दोन्ही सह्यांच्या तारखांसकट. त्याच घरातला एखादा पोरगा फौजेत असला तर त्याची दुसरी सही अजून पुढच्या रजेवर असते.